प्लेटमध्ये मेलेला जंतू

गल्लीत तिला सगळे ताई म्हणत, पण पाठीमागे नाव पडलं होतं 'कोर्सवाली'. कुणी खोकलं, शिंकलं, कण्हलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "मागच्या वेळचा गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला होतास का?" माणसं आजाराला भीत नव्हती एवढी तिच्यासमोर आजारी पडायला भीत. कोपऱ्यावरचा औषधवाला ती रस्ता ओलांडताना दिसली की चिठ्ठीशिवाय आलेल्या गिऱ्हाइकाला हळूच म्हणे, "जरा चक्कर मारून ये बाबा, त्या गेल्या की देतो." ती गेल्यावर अर्थातच देई. ताईला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून कधीकधी ती मुद्दाम अर्ध्या रस्त्यातून परत फिरायची आणि दुकानात डोकवायची. तिथे मग एकदम सगळ्यांना काचेच्या कपाटातले साबण बघावेसे वाटत.

ती संसर्गजन्य रोगांच्या एका संशोधन संस्थेत काम करायची. इमारत तीन मजल्यांची, जिन्यात कायम उकळलेल्या रश्शासारखा वास, कारण जंतूंचं खाद्य तिथेच शिजायचं. इस्पितळांमधून जे जंतू कुठल्याच औषधाला दाद देत नाहीत ते तिच्याकडे यायचे. काचेच्या गोल प्लेटमध्ये खाद्याचा थर, त्यावर जंतू सारवायचे, आणि वर सदऱ्याच्या बटणाएवढ्या कागदी चकत्या ठेवायच्या. एकेका चकतीत एकेक औषध. दुसऱ्या दिवशी प्लेट उजेडात धरायची. चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसलं तर त्या औषधाने जंतू मेले. जंतू चकतीला खेटून वाढले असतील तर ते औषध कामातून गेलं. ताई नोकरीला लागली तेव्हा ही वर्तुळं ऐसपैस असत. वर्षागणिक ती तिच्या डोळ्यांदेखत आक्रसत गेली. लोक तिला चिडखोर म्हणत. मी म्हणतो, रोज सकाळी हे बघणाऱ्या बाईने कुणाशी गोड बोलावं अशी अपेक्षाच का करावी?

कामाचा दुसरा अर्धा भाग आशेचा होता. मातीत राहणारे काही सूक्ष्मजीव दुसऱ्या जंतूंना मारायला स्वतःच विष तयार करतात, त्यातूनच पुष्कळशी औषधं निघाली आहेत. म्हणून ताई माती गोळा करायची. ओळखीचं कुणी प्रवासाला निघालं की ती हातात एक प्लास्टिकची पिशवी द्यायची. लोक गावाहून येताना खाऊ आणतात, हिच्यासाठी चिखल आणावा लागे. बहुतेक मातीतून काही निघत नसे. पण एका बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मागून आलेल्या मातीने मात्र तिला जंतू मारणारी एक पिवळी पावडर दिली. त्या पावडरीला अजून नाव नव्हतं. प्रयोगशाळेत सगळे तिला नुसतं 'पिवळी' म्हणत, घरच्या गाईबद्दल बोलावं तसं.

ताईने लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर तिची धाकटी बहीण परस्पर उत्तर द्यायची, "झालंय की! सासर प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये असतं तिचं."

ही धाकटी म्हणजे तोंडाचा पट्टा. टेलिफोन कंपनीच्या तक्रारींच्या खिडकीत बसायची. दिवसभर लोकांचं ओरडणं ऐकायची आणि संध्याकाळी त्या सगळ्यांच्या नकला करून दाखवायची. तिचा नवरा माणसांना गाडी चालवायला शिकवायचा, म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणत, धाकटीसुद्धा. दोघं खालच्या मजल्यावर राहत, ताई वरच्या. जेवण खालीच. ताई जेवायला बसली की धाकटी बजावायची, "हात धुतलेस ना? नाहीतर तुझी बाळं माझ्या आमटीत सोडशील." ताई रागावायची नाही. जगात एवढ्या एकाच माणसावर तिला रागावता येत नसे.

धाकटीला मूत्रपिंडात खडा झाला. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं, असे खडे कितीतरी जणांना होतात. इस्पितळात खडा फोडला, आत एक नळी घातली आणि तिला घरी पाठवलं. घरी आल्यावर तिला हुडहुडी भरून ताप आला. मास्तरने उचलून गाडीत घातलं, परत इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी एक औषध सुरू केलं, मग बदललं, मग दोन एकदम दिली. ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. नळीवर जंतू बसला होता आणि तिथून तो रक्तात गेला होता. नळी काढली, दुसरी घातली, तरी तो काही हलेना.

तो जंतू मग रीतसर ताईच्या प्रयोगशाळेत आला. सर, म्हणजे तिचे वरिष्ठ, स्वभावाने मऊ. ते म्हणाले, "ही प्लेट तू नको लावू. दुसरं कुणीतरी लावेल."

"माझ्या बहिणीचं आहे, म्हणूनच मी लावणार," ताई म्हणाली. "दुसऱ्याने चकती वाकडी ठेवली तर मला झोप लागायची नाही."

दुसऱ्या दिवशी तिने प्लेट उजेडात धरली. एकाही चकतीभोवती वर्तुळ नव्हतं. साऱ्या प्लेटभर जंतूंची दाट, सलग साय आणि त्यात रुतून बसलेल्या चकत्या. शेवटचं राखून ठेवलेलं औषध असतं, जे डॉक्टर नाइलाज झाला तरच काढतात, त्याच्याभोवतीसुद्धा काही नाही. ताईला राग आला. धाकटीने जन्मात कधी गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडला नव्हता. ताईच्या धाकानेच सोडला नव्हता. हा जंतू दुसऱ्याच कुणाकुणाच्या अर्धवट सोडलेल्या गोळ्यांवर पोसला होता, आणि शिक्षा भोगत होती ती सगळ्यात शहाण्यासारखी वागलेली बाई. याला न्याय म्हणायचा की काय म्हणायचं, ते मला तरी कळत नाही.

त्याच दुपारी तिने कुणालाही न विचारता त्या जंतूवर पिवळी लावली.

सकाळी इन्क्युबेटरचं, म्हणजे जंतू उबेत वाढवायच्या पेटीचं दार उघडताना तिने डोळे मिटून घेतले होते. उघडले तर चकतीभोवती वर्तुळ, मोठ्या नाण्याएवढं, काठ सुरीने कापल्यासारखे. आत काहीही जिवंत नाही. ताई ओरडलीच. शेजारच्या टेबलावरची मुलगी धावत आली, सर आले, सगळ्यांनी प्लेट हातात घेऊन पाहिली. ताईने फोन काढला, प्लेटचा फोटो घेतला आणि अंगातला पांढरा कोटही न काढता तडक इस्पितळ गाठलं.

इथे तिची चूक झाली. या धंद्यातली माणसंच करतील अशी चूक. बाहेरच्या माणसाला असं वर्तुळ दाखवलं तर तो म्हणेल, हे काय? पण ज्याने आयुष्य वर्तुळं शोधण्यात घालवलं त्याला असं एक दिसलं की जगात दुसरं काही दिसेनासं होतं. प्लेट म्हणजे माणूस नव्हे, हे ताई दरवर्षी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी घोकून घेत असे. प्लेटमध्ये जंतू फिनाइलनेही मरतो. औषध ठरायला त्याने जंतू मारून माणूस जिवंत ठेवावा लागतो. आणि पिवळीने आजवर एकाही माणसाच्या अंगात पाऊल टाकलं नव्हतं. ती मूत्रपिंडाला झेपते का, हे बघायला उंदरांवरची चाचणी नुकतीच सुरू झाली होती. हे सगळं ठाऊक असलेली बाई आजारी बहिणीच्या खाटेपाशी उभी राहून हसत म्हणाली, "हे बघ. तुझा जंतू मेला!"

धाकटीने फोन हातात घेतला. तापाने तिचे ओठ फुटले होते, सलाइनमुळे हात सुजला होता. तिने त्या वर्तुळाकडे बराच वेळ पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते ताईने आजारपणात पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्याच क्षणी आपण काय करून बसलो हे तिला कळलं.

"मग कधी देणार?" धाकटी म्हणाली.

ताईने फोन परत घेतला. "अगं, अजून द्यायचं नाहीये ते. उंदरांवर बघताहेत."

"आणि उंदीर बरे आहेत?"

"आहेत. पण चाचणी पुरी व्हायचीय. प्लेटमध्ये तर फिनाइलनेसुद्धा मरतात गं."

"फिनाइलचा फोटो घेऊन तू पळत आली नसतीस," धाकटी म्हणाली. खिडकीपाशी उभ्या असलेल्या मास्तरने सगळं ऐकलं होतं. तोही आता तिच्याकडे बघत होता.

सरांनी मनापासून धडपड केली. दुसरा उपाय उरला नाही तर अजून न ठरलेलं औषध देण्याची खास परवानगी मिळू शकते, पण त्यासाठी एक समिती असते. समितीतली माणसं दुष्ट नव्हती. त्यांनी एकच विचारलं, मूत्रपिंडाचं काय? तिची मूत्रपिंडं आधीच दुखावलेली आहेत, उंदरांची अजून तपासलेली नाहीत. तपासा आणि या. ताई समितीत असती तर तिनेही हेच विचारलं असतं. तिने हे पुढे कधी नाकारलं नाही.

तेव्हापासून ती रोज सकाळी आधी उंदरांकडे जायची. त्यांची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे 'मामा' म्हणत. तो पिंजऱ्याची जाळी सारून सांगायचा, "मजेत आहेत. खाताहेत, भांडताहेत." ताई पिंजऱ्यापाशी उभी राहून त्या पांढऱ्या केसाळ गोळ्यांकडे बघायची. आयुष्यात कुणाच्या तब्येतीसाठी तिने इतकी करुणा भाकली नव्हती. उंदीर दिसायला ठणठणीत होते, पण मूत्रपिंड आतून मरत असलं तरी उंदीर बरेच दिवस खातो, भांडतो, हे ताईला माहीत होतं. ठरलेले डोस पुरे झाल्यावर मूत्रपिंड काढून, त्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय काहीही कळणार नव्हतं. मधेच पाहिलं तर अर्धंच कळलं असतं.

मास्तरने तिला एकदा इस्पितळाच्या जिन्यात गाठलं. गाडी शिकवणारा माणूस, शिकाऊ लोक खांबाला गाडी घालतात तरी आवाज न चढवणारा. तेव्हाही चढवला नाही.

"ताई, उंदीर बरे आहेत ना?"

"दिसायला आहेत."

"मग कुणाला सांगू नका. मीही सांगणार नाही. सलाइनमध्ये काय जातंय, कोण बघतंय?"

"मास्तर, तिची मूत्रपिंडं अजून चालताहेत. तेवढ्याच जोरावर ती टिकून आहे. पिवळीने ती बंद पडली तर?"

"आणि न देता ती गेली तर?"

ताई म्हणाली, "मला कळत नाहीये." हे खरं होतं. मास्तर पायरीवर बसला, आणि थोड्या वेळाने ती त्याच्या शेजारी बसली. दोघांना रडू आलं, तरी खालून वर जाणाऱ्या माणसांना वाट द्यायला दोघं पाय आखडून घेत होते.

दुसऱ्या दिवशी ताईने पिवळी तोलली, पाण्यात विरघळवली, गाळून निर्जंतुक केली आणि सिरिंजमध्ये भरली. सुईला टोपण लावलं, सिरिंज स्वच्छ रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली. इतकी वर्षं लोकांच्या अर्ध्या गोळ्यांसाठी आकाशपाताळ एक करणारी बाई चोरून औषध घेऊन भर दुपारी रस्त्याने चालत होती. औषधवाल्याच्या दुकानावरून जाताना तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

ती धाकटीच्या खाटेशी बसली, पर्स मांडीवर. मास्तर बाहेर डॉक्टरांशी बोलत होता. सलाइनची नळी ताईच्या हाताशी होती, मधला रबरी तुकडा दिसत होता, तिथे सुई टोचायची की झालं. धाकटी अर्धवट जागी होती. खाटेखालच्या पिशवीत लघवी जमत होती, थोडी, पण जमत होती. ताईचे डोळे त्या पिशवीवरून हलेनात. डॉक्टर आत आले, म्हणाले, "आज ताप जरा कमी आहे. जुनी दोन औषधं एकत्र करून बघतोय. मूत्रपिंडं साथ देताहेत, हे महत्त्वाचं." ते गेल्यावरही ताईने पर्स उघडली नाही. तिचा हात चेनवर होता. तिच्या मनात एकच घोळत होतं. जंतूने मारलं तर जंतूने मारलं. पण पिवळीने मारलं, तर ते मी मारलं.

"ताई, येतेस ना उद्या?" धाकटीने विचारलं.

"येते की."

"लवकर ये."

ताई प्रयोगशाळेत परतली आणि सिरिंजमधली पिवळी जंतुनाशकाच्या बादलीत सोडून दिली. पाणी जरासं पिवळं झालं आणि मग पुन्हा होतं तसं.

दुसऱ्या दिवशी लवकर जायचं म्हणून ती निघालीच होती, पण वाटेत उंदरांकडे डोकावली. मामा म्हणाला, एक जण आज खात नाहीये. ताई खाली वाकून त्या एका उंदराला बघत असताना मास्तरचा फोन आला. तो एवढंच म्हणाला, "ताई, गेली ती."

नंतरचे विधी, येणारेजाणारे, हे सगळं ताईने यंत्रासारखं केलं. माणसं म्हणत होती, घरात एवढी मोठी संशोधक असून बघा. म्हणणाऱ्यांच्या जिभेला हाड नसतं, आणि त्यातल्या निम्म्यांनी आपल्या घरी गोळ्यांच्या अर्ध्या पट्ट्या जपून ठेवलेल्या असतात. जेवायच्या वेळी ती सवयीने खाली उतरायची, दारापर्यंत यायची आणि परत वर जायची.

उंदरांचे डोस पुरे झाले. मूत्रपिंडांचे काप ताईने स्वतः पाहिले. सरांनी पाहिले, मग दोघांनी मिळून पुन्हा पाहिले. एकाही उंदराचं मूत्रपिंड धड नव्हतं. आतल्या बारीक नळ्या झिजून, गळून गेल्या होत्या. बाहेरून मजेत दिसणारे सगळे आतून संपत आले होते. पिवळी कपाटात गेली. सरांनी ताईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू दिलं असतंस तर तूच..." पुढचं त्यांनी गिळलं.

ताईला वाटलं होतं हे कळलं की जीव भांड्यात पडेल. तसं काही झालं नाही. पण हे मास्तरला सांगितलंच पाहिजे, असं तिला फार तीव्रतेने वाटलं. आपण बरोबर होतो हे सांगायला नव्हे, निदान तिला तसं वाटत होतं. त्याच्या मनात 'दिलं असतं तर' हा काटा राहू नये म्हणून. ती संध्याकाळी खाली गेली.

मास्तर स्वयंपाकघरात होता. त्याने दोन कप चहा केला, धाकटीच्या चहाच्या मानाने फारच पाणचट. ताईने सगळं सांगितलं. नळ्या कशा गळल्या, एकही उंदीर कसा वाचला नसता. सांगताना ती मुलांना शिकवताना बोलते तशी नीट, सावकाश बोलत होती.

मास्तरने ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्ही दिलं नाहीत तेच बरोबर."

"हो."

"बरं झालं सांगितलंत." त्याने कप खाली ठेवला. "तुम्हाला सांगू की नको, कळत नव्हतं. पण आता तुम्ही सगळं सांगितलंत, तर मीही सांगतो. आदल्या दिवशी तुम्ही पर्स मांडीवर घेऊन बसला होतात ना? तुम्ही गेल्यावर ती मला म्हणाली, ताईने आणलंय. पर्समध्ये आहे. आज धीर झाला नाही तिला, उद्या देईल. मी म्हटलं, तुला काय माहीत? तर म्हणाली, पर्सच्या चेनवर हात ठेवून इतका वेळ कुणी बसतं का?"

ताईने आपला कप त्याच्या कपाशेजारी ठेवला.

"तिला थंडी वाजत होती," मास्तर म्हणाला, "तरी सलाइनचा हात पांघरुणाच्या बाहेर काढायला लावला तिने मला. म्हणाली, ताई आली की तिचा वेळ जायला नको, आणि परत विचार करत बसायलाही नको. सकाळपर्यंत तिने तो आत घेऊ दिला नाही. गेली तेव्हासुद्धा बाहेरच होता. गार पडला होता नुसता. मग मीच आत घेतला."